परिषदेची सुरुवात पाहुण्यांच्या यादीपासून करू नकोस

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरात राहणारी, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी विचारते: "काकू, आमच्या कॉलेजचं रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) पथक आणि कॉलनीतल्या मराठी मंडळाची तरुण मंडळी मिळून जानेवारीत 'समाजसेवा आणि जागतिक प्रश्न' यावर दोन दिवसांची विद्यार्थी परिषद घ्यायची म्हणतोय. दोनशे मुलं असतील, बरीचशी इंदूरची, थोडी ग्वाल्हेर आणि वडोदऱ्याची. दीड लाख जमतील. सहा वक्त्यांची यादी केली आहे. उद्घाटनाला मंत्री आणतो, असं मंडळातले एक काका म्हणतात. आता पुढे काय करायचं?"

पुढे जायच्या आधी जरा मागे ये. यादी कपाटात ठेव, मंत्रीही राहू देत. मी एकोणीस वर्षं रासेयोची कार्यक्रम अधिकारी होते. निवृत्तीनंतरही कोणी ना कोणी हाक मारतं. बारा-तेरा परिषदा या हातांखालून गेल्या, त्यातल्या निम्म्या तरी फसल्या आणि सगळ्या एकाच ठिकाणी फसल्या. आधी वक्ते ठरले, त्यांच्या सोयीने विषय ठरले, आणि मुलं खुर्च्या भरायला आली.

पहिलीचीच गोष्ट सांगते. उद्घाटन साडेनवाला होतं, प्रमुख पाहुणे सव्वाअकराला उगवले. मग दीपप्रज्वलन, सरस्वतीवंदना, नऊ जणांना शाल-श्रीफळ, आणि त्यानंतर भाषण. सांवेरकडच्या एका गावातून तीन मुली आल्या होत्या. गावातल्या सव्वीस विहिरींची पातळी त्यांनी पावसाळ्याआधी आणि नंतर दोरी सोडून मोजली होती. दर हातावर लाल चिंधी बांधलेली ती दोरीसुद्धा पिशवीत घालून आणली होती. त्यांच्या वाट्याला जेवणाआधीची चार मिनिटं आली, आणि तिसऱ्याच मिनिटाला सूत्रसंचालकाने चिठ्ठी सरकवली. दोरी पिशवीतच राहिली. निघताना त्यातली मोठी मला एवढंच म्हणाली, "मॅडम, प्रमाणपत्रं बारालाच दिली असती तर एकची बस मिळाली असती."

त्या वाक्यानंतर मी एक नियम केला आणि अजून पाळते: काम केल्याशिवाय परिषदेला यायचं नाही. परिषदेच्या आधी सहा आठवडे प्रत्येक तुकडीने, म्हणजे पाच-सहा मुलांनी, कुठलं तरी एक काम हातात धरायचं आणि त्यावर दोन पानं लिहून पाठवायची. काय पाहिलं, काय मोजलं, कोणाला विचारलं आणि कुठे अडलं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण दोन दिवस आपण त्या अडलेल्या कामांवरच बोलणार आहोत. ज्याचं काहीच अडलं नाही, त्याने बहुधा काही केलेलं नसतं.

वेळ कुठून काढायचा, असं मुलं म्हणतील. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात रासेयो सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. ते कसे भरले जातात हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्यातले तीस तास इथे खरेखुरे लावा.

हा नियम घातलास की दोनशेचे एकशेवीस होतील. होऊ देत. मंडळातले काका हळहळतील, पण एकशेवीस मुलांना बोलायला वेळ मिळतो, दोनशेंना फक्त ऐकावं लागतं.

आता 'जागतिक प्रश्न'. इथेच सगळे घसरतात. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या १९३ देशांनी मान्य केलेल्या १७ शाश्वत विकास ध्येयांची ती रंगीत चकती बॅनरवर छापायची आणि सतरा तुकड्यांना सतरा ध्येयं वाटून द्यायची. मग गरिबीवरची तुकडी इंटरनेटवरून गरिबी उतरवून आणते. मी म्हणते, इंदुरात राहून हे करायची गरजच काय? जगाचे प्रश्न आपल्या दाराशी येऊन उभे आहेत. मी तुझ्या जागी असते तर तीनच धरले असते.

पहिला पाण्याचा. आपल्याकडे एकाआड एक दिवस नळ येतो आणि त्यातलं बरंचसं पाणी नर्मदेचं असतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून ते आणलेलं आहे. नदी खाली निमाडात आणि आपण वर माळव्याच्या पठारावर, म्हणजे प्रत्येक बादलीमागे वीज जळते. हे पाणी फुकट आलेलं नाही. १९७० साली त्यासाठी इंदूरकर रस्त्यावर उतरले होते, त्यात विद्यार्थीही होते. १९७८ साली पाणी आलं. तुमच्या मंडळात त्या आंदोलनात घोषणा दिलेले दोन-तीन आजोबा नक्की सापडतील. त्यांना मंचावर बसवू नका, मुलांच्या घोळक्यात बसवा. शहरं पाणी लांबून ओढतात तेव्हा ते कोणाच्या वाट्यातून येतं, हा जगातल्या कितीतरी शहरांचा प्रश्न आहे, पण तो आपल्या नळाला कान लावून ऐकता येतो.

ग्वाल्हेर आणि वडोदऱ्याची मुलं येणार आहेत ना? मग हे पाण्याचं सत्र दुसऱ्या कुठल्या शहराला जमणार नाही असं करता येईल. तिन्ही संस्थानांनी आपापल्या शहरासाठी जलाशय बांधले: होळकरांनी गंभीर नदीवर यशवंत सागर, गायकवाडांनी आजवा, शिंद्यांनी तिघरा. तिघऱ्याला विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे होते, तेच जे आधी पुण्याच्या खडकवासल्याला बसवले. प्रत्येक शहराच्या तुकडीने आपल्या तळ्याची गोष्ट आणायची: तेव्हा शहराला किती पुरायचं, आज किती पुरतं, बाकीचं कुठून येतं आणि काठावर आज काय आहे. वडोदऱ्याची मुलं नर्मदेच्या दुसऱ्या टोकाची आहेत. त्यांना आणि आपल्या मुलांना एकाच टेबलाशी बसवून नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा समोर ठेव. मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान यांचे वाटे त्यात ठरलेले आहेत. मग कोणाला भाषण करायची गरज पडत नाही. मुलं आपोआप भांडतात, आणि चांगली भांडतात.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. 'आम्ही नंबर वन' हे मुलांना २०१७ पासून पाठ आहे, म्हणून ते वाक्य परिषदेत म्हणायला बंदी घाल. घरात सहा डबे, देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवून गॅस करणारा प्रकल्प, हे सगळं दाखवायलाच हवं, आपण ते कमावलेलं आहे. पण त्याच टेबलावर पिथमपूरही ठेव. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षं पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमधून पिथमपूरला आला. लोकांनी विरोध केला, उच्च न्यायालयाच्या देखरेखीत चाचण्या झाल्या, आणि जूनअखेर तो जाळून संपला. इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर. परदेशी कंपनी, इथलं सरकार, न्यायालय, भोपाळच्या वस्त्या आणि पिथमपूरच्या शेजारची गावं, सगळे एका गोष्टीत आले. शाश्वत विकासाच्या बाराव्या ध्येयातलं चौथं लक्ष्य रसायनं आणि घातक कचऱ्याबद्दलच आहे आणि त्याची मुदत २०२० होती. ते मुलांना स्वतः शोधू दे. शोधलेलं लक्षात राहतं.

तिसरा सिरपूर तलाव. धार रोडवरचा, होळकरांच्या काळातला. २०२२ साली तो रामसर यादीत गेला. रामसर म्हणजे इराणमधलं गाव, तिथे १९७१ साली पाणथळ जागांचा करार झाला. २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर 'पाणथळ शहर' म्हणून मान्यताही मिळाली. हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून पक्षी येतात, आणि काठाला आपली वसाहत वाढत चालली आहे. इथे मुलांना दोन सकाळी नुसतं बसवलं तरी पुष्कळ. यावर आणखी लिहीत नाही. पक्षी ओळखणारी माणसं तिथे रोज सकाळी भेटतात, त्यांना विचार.

वस्त्यांना द्यायच्या भेटींबद्दल मात्र नीट ऐक, कारण यात मी स्वतः चूक केली आहे. एकदा अठ्ठेचाळीस मुलं एका बसमध्ये भरून एका बस्तीत नेली. बस थांबताच सगळ्यांचे फोन वर. एका पोराने दार उघडं दिसलं म्हणून आतल्या भांड्यांच्या मांडणीचा फोटो काढला. भांडी खरंच सुंदर लावलेली होती, उतरत्या मापाने, लखलखीत. घरातली बाई उठली, पडदा ओढला आणि म्हणाली, "पिछले साल वाले भी फोटो ले गए थे. दिखाने कोई नहीं आया." त्या दिवशी बसमध्ये परतताना कोणी गाणी म्हटली नाहीत. पंधरा दिवसांनी आम्ही फोटोच्या प्रती घेऊन परत गेलो. तिने घेतल्या, चहासुद्धा दिला. पण पहिल्या भेटीचं उट्टं तेवढ्याने निघत नाही.

म्हणून आता असं करते. एका ठिकाणी बारा-पंधराहून जास्त मुलं नाहीत. वेळ तिथल्या लोकांनी द्यायची, आपल्या वेळापत्रकाने नाही. फोन बसमध्ये. वाटायला काहीही न्यायचं नाही, ना वह्या, ना बिस्किटं. विचारायचे पाच प्रश्न आदल्या दिवशीच त्यांच्यापैकी कोणाला तरी ऐकवून घ्यायचे. निम्मे प्रश्न तिथेच बदलतात. आणि जे समजलं ते एका पानावर हिंदीत लिहून महिन्याभरात त्यांना नेऊन द्यायचं.

त्याच लोकांतल्या काहींना परिषदेलाही बोलाव. सफाई मित्र, अंगणवाडी सेविका, कबाडी, टँकरवाला. चर्चेच्या दर टेबलाला असा एक माणूस हवा. आणि त्यांना मानधन दे, पाकिटात घालून, आल्याआल्या. प्राध्यापकाने रविवारचे दोन तास दिले तर त्याचा पगार कापला जात नाही, कबाड्याचा अख्खा दिवस बुडतो. हिशेब तपासणारे विचारतील की पावतीवर पदनाम काय लिहायचं. 'तज्ज्ञ' असं लिही. मी लिहिलं आहे, चाललं आहे.

तुझ्या सहा वक्त्यांपैकी दोन ठेव. त्यांना बोलायला लावू नकोस, आधी मुलांची दोन-दोन पानं वाचायला पाठव आणि मग टेबलांवर फिरायला सांग. जो 'मी नुसता बसायला येत नाही' म्हणेल त्याला नम्रपणे सोडून दे. मंत्र्यांचं म्हणशील, तर काकांना सांग की रविवारी दुपारी अडीचला मुलं काय ठरवतात ते ऐकायला जरूर यावं, खुर्ची टेबलाशी असेल. येत नाहीत सहसा. आले तर चांगलंच.

तारीख. नोव्हेंबर-डिसेंबरात देवउठनीनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर, मंगल कार्यालयं आणि हॉल लग्नांनी भरलेले असतात. १२ जानेवारीचा युवा दिवस मोहात पाडतो, पण त्या दिवशी शाळा-कॉलेजांत सामूहिक सूर्यनमस्कार आणि सरकारी कार्यक्रम असतात, अधिकारी आणि शिक्षक दोन्ही अडकलेले. मग संक्रांत. शेवटच्या आठवड्यात एनसीसी-रासेयोची मुलं २६ जानेवारीच्या तालमीत. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा. राहतो तो जानेवारीचा तिसरा शनिवार-रविवार, तोच धर. अकरावी-बारावीची मुलं घेणार असलीस तर पालकांचं लेखी संमतीपत्र, फोटोसाठी वेगळी परवानगी, आणि मुलींसोबत दोन शिक्षिका. यात सूट नाही.

बाहेरगावच्या मुलांना हॉटेलात ठेवू नकोस. सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून दोन-दोन मुलं सहज मावतात. मुलं परदेशी, वरचा मजला रिकामा, अशी कितीतरी घरं आहेत, आणि त्या काकवा दोन दिवस आधीपासून चादरी वाळत घालतील. घरं मंडळाच्या कार्यकारिणीने स्वतः जाऊन पाहावीत, मुली एका घरी दोघींपेक्षा कमी नकोत, एवढं सांभाळ. वडोदऱ्याची मुलं अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरतील, तेव्हा साडेनऊचं उद्घाटन तसंही जमणार नाही. साडेदहाला सुरू कर, पंधरा मिनिटांत स्वागत संपव.

मग भिंत. म्हणजे प्रत्येक तुकडीने आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून हॉलच्या भिंतीला चिकटवायचं आणि सगळ्यांनी तासभर फिरत वाचायचं, अडलेल्या जागी चिठ्ठ्या लावायच्या. प्रोजेक्टर लागत नाही, माइक लागत नाही, आणि लाजरी मुलं इथे सगळ्यात जास्त बोलतात. दुपारी भेटी. रात्री मुलं सराफ्याला, त्या खाऊच्या बाजारात, जाणारच, तू नको म्हणालीस तरी. म्हणून तूच घेऊन जा, दहा-दहाच्या टोळ्या करून, आणि परतायची वेळ आधी सांग. जानेवारीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, मिळतो, वडोदऱ्याच्या मुलांना तो नवा असेल. रविवारी सकाळी पाण्याचं सत्र, मग अडलेली कामं, आणि साडेतीनला निरोप, म्हणजे संध्याकाळच्या गाड्या चुकत नाहीत.

भाषेवरून मंडळात वाद होईल, तयारी ठेव. ज्येष्ठ म्हणतील सगळं शुद्ध मराठीत हवं. आपल्या पोरांची मराठी हिंदीत भिजलेली, वडोदऱ्याच्यांची गुजरातीत, आणि रासेयोतल्या अर्ध्या मुलांच्या घरी मराठी नाहीच. मी पाण्याचं सत्र मराठीत ठेवीन, कारण तिन्ही शहरांना जोडणारी तीच भाषा आहे, आणि ज्यांना येत नाही त्यांच्या शेजारी सांगणारा बसवीन. बाकी टेबलावर ज्याला जे सुचेल ते. भिंतीवर हिंदी. इंग्रजीची सक्ती मात्र कुठेच नको. 'जागतिक' शब्द आला की इंग्रजी आलंच पाहिजे, हा एक विचित्र समज आहे.

पैशांचं फार ताणत नाही. दीड लाखातला निम्म्याच्या आसपास भाग जेवणात जाईल, जाऊ दे. सकाळी पोहे-जिलेबी, जीरावन (पोह्यांवरचा तिखट मसाला) वेगळं ठेव, सगळ्यांना झेपत नाही. उरलेल्यात भेटींच्या गाड्या, मानधन, कागद-पेनं. पंधरा हजार शिल्लक ठेव, त्यांना हात लावू नकोस. शनिवारी दुपारी काही तरी मोडतंच. स्मृतिचिन्हं, फाइली, नाव छापलेल्या पिशव्या नकोत. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या तर अजिबात नकोत, इंदुरात तरी शोभत नाही. मंडळाच्या स्टीलच्या ताटांची मोजणी आत्ताच कर. आमच्या एका कार्यक्रमात ताटं दीडशे होती आणि वाट्या नव्वद. जेवण झालं की उष्टं काट्यावर वजन करून आकडा फळ्यावर लिही, काही न बोलता. दुसऱ्या दिवशी तो उतरतो.

शेवटी ठराव. एकवीस ठराव, 'ही परिषद मागणी करते की', असलं काही नको. प्रत्येक तुकडीने एकच काम, एक तारीख आणि ते करणाऱ्या एकाच मुलाचं नाव लिहायचं. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, पत्र असेल, सिरपूरची पक्षी-नोंद असेल, विहिरींची पुढची मोजणी असेल. फेब्रुवारीच्या शेवटी तासभर ऑनलाइन भेट, आणि एप्रिलमधला एखादा शनिवार प्रत्यक्ष. त्या दोन्ही तारखा निमंत्रणपत्रिकेवरच छाप, परिषदेच्या तारखेच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरात. ज्या शिक्षकांना एप्रिलची तारीख पाहून 'बघू' म्हणावंसं वाटेल, त्यांच्या तुकडीबद्दल तुला आधीच अंदाज येईल.

आता या रविवारी मंडळात जा. हॉल तिसऱ्या शनिवारी मोकळा आहे का ते वहीत बघ आणि नाव लिहून ये. आणि मुख्य स्विच असलेल्या खोलीची चावी कोणाकडे असते ते विचार. आमच्याकडे एकदा ती खोली बंद आणि चावीवाले गृहस्थ उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला. बारापर्यंत अंधारात बसलो होतो. परिषदेच्या सकाळी सात वाजता ती चावी तुझ्या हातात हवी, काकांच्या नाही.